जुलाबात आधी ओआरएस, प्रोबायोटिक नंतर



राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि भोगावती दुथडी वाहू लागली की आमच्याकडे दोन गोष्टी येतात. नळाला गढूळ पाणी आणि घराघरांत जुलाब. अलीकडे तिसरी गोष्टही दिसते. लेकराला दोन-तीनदा पातळ झाले की घरचे मेडिकलमधून प्रोबायोटिकची पुडी किंवा छोटी बाटली आणतात. रोजगाराच्या पैशातला मोठा वाटा त्यात जातो. ‘औषध दिलंय, थांबेल आता,’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. लेकराच्या अंगातले पाणी मात्र जातच असते. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

प्रोबायोटिक म्हणजे ठरावीक जातीचे, मोजून भरलेले जिवंत सूक्ष्मजीव. आपल्या आतड्यात असे असंख्य उपयोगी जिवाणू मुळातच असतात. ते पचनाला मदत करतात आणि रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. अँटिबायोटिकच्या गोळ्या रोगजंतूंबरोबर त्यांनाही मारतात, म्हणून कोर्स चालू असताना अनेकांचे पोट बिघडते. इथे प्रोबायोटिकचा खरा उपयोग आहे. कॉक्रेन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१९ च्या आढाव्यात अँटिबायोटिक घेणाऱ्या दर शंभर मुलांपैकी सुमारे १९ जणांना जुलाब झाले. सोबत प्रोबायोटिक घेणाऱ्यांत हे प्रमाण ८ वर आले.

पावसाळी जुलाबाचे तसे नाही. त्याच संस्थेने २०२० मध्ये ८२ अभ्यास तपासले. मोठ्या आणि काटेकोर अभ्यासांत प्रोबायोटिकने जुलाब लवकर थांबल्याचे फारसे दिसले नाही.

जुलाबात जीव जातो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पाण्यात मीठ आणि साखर मोजून मिसळून लोकांना पाजायला लावले आणि हजारो जीव वाचले. आजचा ओआरएस त्याच वाटेने आला. तो आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. पुडीवर लिहिलेल्या मापाएवढ्या, बहुधा एक लिटर, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी घालावी. दर जुलाबानंतर थोडे थोडे पाजावे. २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. जुलाब थांबले तरी मध्येच सोडू नयेत. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल सुस्त पडले, पिईना किंवा शौचातून रक्त आले, तर एक क्षण न थांबता दवाखाना गाठावा.

डॉक्टरांनी प्रोबायोटिक लिहून दिले असेल, तर ते जरूर घ्यावे. पण काही पथ्ये पाळावीत. अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक यांत साधारण दोन तासांचे अंतर ठेवावे. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नये. पुडी गरम दुधात किंवा चहात टाकू नये, कारण उष्णतेने त्यातले जीव मरतात. मुदत तपासावी. थंड जागी ठेवायला सांगितले असेल, तर चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये. पहिले काही दिवस पोटात वारा धरल्यासारखे वाटते, त्याने घाबरू नये.

सर्वांत मोठी खबरदारी वेगळीच आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेले बाळ, कॅन्सरचे उपचार घेणारे, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खूप कमी झालेले आणि गंभीर आजारी माणूस यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये. त्यातले जिवंत जिवाणू अशा शरीरात रक्तात शिरू शकतात. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये तसा इशारा दिला आहे.

निरोगी माणसाने रोज बाटली विकत घ्यावी, असे आम्हाला वाटत नाही. घरचे ताजे दही, ताक पुष्कळ आहे. दह्यात कोणते जिवाणू किती, हे मोजलेले नसते, म्हणून ते औषध नव्हे. पण अन्न म्हणून ते चांगले आणि परवडणारे आहे. नाचणीची आंबील शिजवून कोमट झाली की मग ताक घालावे. उकळत्या आंबिलीत किंवा कढीत जिवाणू जिवंत राहत नाहीत.

आणि शेवटी पाण्याचे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. आज वस्तीच्या नळाला गढूळ पाणी येत असेल, तर तो हक्क अर्धाच मिळाला आहे. घरात पाणी उकळून पिऊच. पण गटारातून गेलेली पाइप बदला, टाकीत क्लोरीन टाका, हे ग्रामसभेत उठून मागितले पाहिजे. जुलाबाचे मूळ तिथे आहे. ते कुठल्याही बाटलीने निघणार नाही.