समुद्रकाठची राने कुणाच्या मालकीची?

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, चळवळीने त्यात वेळ दवडू नये, असे आपल्याच सभांमधून अनेकदा ऐकू येते. हे मत आम्हाला मान्य नाही. समुद्र, खाडी, डोंगर आणि राने या जागा सार्वजनिक आहेत आणि सार्वजनिक जागेवरच्या हक्काची लढाई आपल्याला नवी नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला जे पाणी ओंजळीत घेतले ते तहान भागवण्यापुरते नव्हते. सार्वजनिक तळे सर्वांचे, हा त्याचा अर्थ होता. पुढे तो वाद दिवाणी न्यायालयांतून मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 17 मार्च 1937 रोजी निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. दहा वर्षे चाललेल्या त्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी किनारपट्टीवरच्या रानांकडे परक्यासारखे पाहावे काय?

मुंबई-ठाण्याच्या किनारपट्टीपुरतेच पाहू. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव याच रानातले. याच रानात कान्हेरीची शंभराहून अधिक बुद्ध लेणी आहेत. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवायचे आणि पुढे पुरवून वापरायचे, ही व्यवस्था भिक्खू संघाने तेथे उभी केली. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. दान देणाऱ्यांत कल्याण आणि सोपारा या बंदरांतले व्यापारी, सोनार, लोहार आहेत. म्हणजे बंदर, डोंगर आणि विहार यांचे नाते दोन हजार वर्षांचे आहे. आपले लोक बुद्ध पौर्णिमेला तेथे जातात, वंदना घेतात आणि परततात. पण या टाक्या, हे ओढे, हे रान आपल्या मुलांना समजावून कोण सांगणार?

दुसरे ठिकाण धारावीला लागून मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान. आज तेथे सुमारे 37 एकरांवर झाडी आहे. पूर्वी या जागेवर शहराचा कचरा टाकला जात असे. त्या कचऱ्यावर माती घालून, झाडे लावून 1994 साली हे उद्यान लोकांना खुले झाले. कचऱ्याच्या ढिगाचे रान होऊ शकते, याचा हा रोकडा पुरावा आहे. मग देवनारला 1927 पासून जो कचरा पडत आला, त्याच्या धुरात गोवंडी-शिवाजीनगरच्या पिढ्या का वाढल्या? कचरा उचलणारे हात आपले, कचऱ्याशेजारची वस्ती आपली, आणि फिरायला बाग मात्र दुसऱ्यांची, ही वाटणी कुणी केली?

तिसरे ठिकाण ठाण्याची खाडी. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत हजारो रोहित पक्षी तेथे उतरतात. 2015 साली खाडीचा सुमारे 1,690 हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 साली त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पक्षी जवळून पाहायचे तर ऐरोलीहून बोटीने जावे लागते आणि त्यासाठी माणशी काहीशे रुपये मोजावे लागतात. नाका कामगाराच्या चार माणसांच्या कुटुंबाला हे परवडेल काय? खाडीकाठची कांदळवने तर केवळ पाहण्याची वस्तू नाहीत. भरतीचा जोर ती अडवतात, मासळीची पिल्ले तेथे वाढतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा सर्वात आधी नाल्याकाठच्या, खाडीकाठच्या झोपड्या बुडाल्या. कांदळवन तोडून भराव घातला की पाणी कुणाच्या घरात शिरते, हे आपल्या वस्त्यांना शिकवावे लागत नाही.

कायदा काय सांगतो? संविधानाच्या कलम 15(2) नुसार विहिरी, तलाव, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या सार्वजनिक जागा जातीच्या कारणावरून कुणालाही नाकारता येत नाहीत. समुद्रकिनारा, वाहते पाणी, वने यांचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली कमलनाथ खटल्यात सांगितले. कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम 21 चा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली ठरवले. आज दारावर जात विचारली जात नाही, हे खरे. परंतु तिकीट, अंतर आणि बोटीचे भाडे यांची गाळणी लावली की तेच लोक बाहेर राहतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पर्यावरणाच्या नावाने गरिबांवर बुलडोझर फिरल्याचा अनुभव ताजा आहे. 1997 च्या न्यायालयीन आदेशानंतर बोरिवलीच्या उद्यानातून हजारो झोपड्या हटवल्या गेल्या. उद्यानातील पाड्यांवरचे आदिवासी तर पिढ्यान् पिढ्या तेथले. 2006 च्या वनाधिकार कायद्याप्रमाणे हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनवासी दावेदाराला हुसकावता येत नाही, राष्ट्रीय उद्यानातूनही नाही. म्हणून राने वाचवा म्हणताना रानातल्या आणि रानाकाठच्या माणसाचे पुनर्वसन आधी, हटवणे नंतर, ही आमची अट आहे. माणूस विरुद्ध झाड हे भांडण ज्यांना टोलेजंग इमारतींसाठी दोन्ही हटवायचे आहेत त्यांच्या सोयीचे आहे.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. महापालिका शाळांतील मुलांना या तिन्ही ठिकाणी विनाशुल्क नेण्याची सोय व्हावी. कान्हेरीला जाताना उद्यानाचे एक आणि लेण्यांचे दुसरे, अशी दोन तिकिटे काढावी लागतात. निदान विद्यार्थ्यांना आणि मोलमजुरी करणाऱ्यांना ती माफ असावीत. खाडीतील फेरीसाठी आठवड्यातून एक दिवस सवलतीचा ठेवावा.

मागण्या सरकारकडे, पण काम आपले. प्रत्येक विहाराने, प्रत्येक महिला मंडळाने वर्षातून एकदा मुलांना घेऊन यांपैकी एका ठिकाणी जावे. झाडांची नावे, पक्ष्यांची नावे विचारावीत, टाक्यांत पाणी कुठून येते ते पाहावे, आणि घरी परतल्यावर आपल्या वस्तीलगतचे तिवर कोण तोडतो आहे यावर नजर ठेवावी. भराव दिसला की लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. जी जागा आपण पायाखाली घालत नाही ती आपली राहत नाही, आणि महाडला आपले लोक पायीच तळ्यापर्यंत गेले होते.