90 तास की 90 किलोमीटर?

कॉलेजच्या ई-सेलचा कुठलाही कार्यक्रम घ्या. स्टेजवरचा उद्योजक एकदा तरी म्हणतोच, 'स्टार्टअप ही मॅरेथॉन आहे, सोडू नका!' टाळ्या पडतात. आणि पुढच्याच मिनिटाला तो रात्र-रात्र जागून काम केल्याचे किस्से सुरू करतो. पण मॅरेथॉन अशी कोण पळतं?

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या 90 तासांच्या वक्तव्यावर मीम्सचा पाऊस पडला. चिकाटी म्हणजे जास्तीत जास्त तास, असं समीकरणच होऊन बसलंय.

आता 90 किलोमीटर पळणाऱ्यांकडे बघू. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांदरम्यान 1921 पासून कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. अंतर साधारण 90 किमी, तेही चढउतारांचं. महाराष्ट्रातलेही बरेच हौशी धावपटू तिथे जातात. त्यांच्या सरावात विश्रांतीचा दिवस ठरलेला असतो. बहुतेक पळणं गप्पा मारता येतील इतक्या आरामशीर वेगात. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे तर पळणं कमीच करतात. कारण शरीरातला ग्लायकोजेनचा साठा मर्यादित असतो. सुरुवातीलाच सुसाट सुटलात तर साध्या 42 किमीच्या मॅरेथॉनमध्येसुद्धा तिसाव्या किलोमीटरनंतर पाय दगड होतात.

स्टार्टअपमधला हा साठा म्हणजे 'रनवे'. बँकेत 24 लाख, महिन्याचा खर्च 3 लाख, म्हणजे हातात आठ महिने. बायजूजने एकामागून एक कंपन्या विकत घेतल्या, 2022 मध्ये तिचं मूल्यांकन 22 अब्ज डॉलर झालं आणि जुलै 2024 मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली. कारणं अनेक होती, पण वेग हे त्यातलं एक नक्कीच. उलट 2010 मध्ये सुरू झालेली झिरोधा बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या पैशांशिवाय वाढली. तिची गोष्ट स्टेजवरून सांगायला तशी बोअरच!

कॉम्रेड्समधली आणखी एक गोष्ट भाषणांत कधीच येत नाही, ती म्हणजे कटऑफ. (अॅडमिशनमुळे हा शब्द आपल्याला चांगलाच माहितीय.) वाटेत ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेत पोहोचला नाहीत, तर तुमची शर्यत तिथेच संपते. बारा तास पूर्ण झाले की शेवटच्या रेषेवर, येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा असलेला माणूस बंदुकीचा बार काढतो. दोन पावलं मागे राहिलेल्यालाही मेडल नाही. क्रूर वाटतं, पण कुठे थांबायचं हे दमलेल्या डोक्यानं ठरवायचं नसतं, ते आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे मात्र थांबणारा म्हणजे हरलेला.

शिवाय 'सोडू नका' हा सल्ला सगळ्यांना सारखाच परवडत नाही. ज्याच्या घरचे दोन वर्षं रूमचं भाडं भरू शकतात त्याची चिकाटी, आणि ज्याच्या डोक्यावर एज्युकेशन लोनचा हप्ता आहे त्याची चिकाटी, या एकाच शर्यतीत कशा मोजायच्या?

आमच्या ओळखीतल्या दोन सीनिअर्सनी मेसच्या डब्यांचं अॅप सुरू केलंय. दिवाळीपर्यंत महिन्याचे शंभर डबे झाले नाहीत तर बंद, असं त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवलं. सध्या 61 झालेत. एकानं प्लेसमेंटचा फॉर्मही भरून ठेवलाय. दुसऱ्याला ते अजिबात आवडलेलं नाही.