मतदारयादी आणि कागदांची चाळण

धर्म, वंश, जात किंवा लिंग एवढ्याच कारणावरून कोणासही मतदारयादींत अपात्र ठरवितां येणार नाहीं, असें राज्यघटनेचें ३२५ वें कलम निःसंदिग्धपणें सांगतें. मग या विषयावर लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन हें कीं, मत हिरावणारा कायदा वंशाचें नांव सहसा घेत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतीनें १८९६ सालीं हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हां कायद्यांत हिंदी हा शब्दच नव्हता. ज्या देशांत पार्लमेंटरी पद्धतीच्या प्रातिनिधिक संस्था नाहींत, तेथील लोकांस मत नाहीं, असें त्यांत लिहिलें होतें. शब्द वगळला आणि माणूसही वगळला.

अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानाची युक्ति याहून सूक्ष्म होती. १८६६ च्या आरंभीं ज्याच्या पूर्वजास मत होतें त्यास वाचन-लेखनाची परीक्षा माफ, हा तेथील नियम १९१५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें रद्द केला. तेव्हां कायदेमंडळानें १९१६ त नवी तरतूद केली. १९१४ सालीं मत दिलेल्यांचीं नांवें आपोआप कायम राहावीं, आणि इतरांनीं ३० एप्रिल ते ११ मे या बारा दिवसांत नोंद करावी. न केल्यास, थोडे अपवाद सोडून, हक्क कायमचा गेला. या बारा दिवसांचा निकाल लागावयास १९३९ साल उजाडलें. नोंदणीची रीतच जाचक असेल तर हक्क कागदोपत्रीं शाबूत असूनही घटनाभंग होतो, असें न्यायालयानें त्या वेळीं ठरविलें. मधल्या तेवीस वर्षांत किती निवडणुका होऊन गेल्या, हें वाचकांनींच मोजावें.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईंतूनच सर्वोच्च न्यायालयांत गेला. मुंबई व दिल्ली येथील कांहीं वस्त्यांतील मतदारांस, ते परकीय असल्याच्या संशयावरून, नोटिसा देण्यांत आल्या आणि जन्मदाखला, पारपत्र यांसारखे ठराविक चारच पुरावे मागण्यांत आले. शिधापत्रिका चालेना. लालबाबू हुसेन प्रकरणीं ६ फेब्रुवारी १९९५ रोजीं सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठानें ही रीत अमान्य केली. ज्याचें नांव पूर्वींच यादींत आहे, त्याची नोंद रीतसर झाली असेंच धरून चालावें. संशयाचा आधार त्यास कळवावा. म्हणणें मांडण्याची वाजवी संधि द्यावी. आणि चार कागदांचा हट्ट न धरतां जो पुरावा येईल तो सर्व पाहावा. परकीय मनुष्यास मत नाहीं, याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद सिद्ध कोणी करावें आणि कशानें करावें, याचा आहे.

आतां हिंगोलीकडे वळूं. निजामी राजवट १९४८ च्या सप्टेंबरांत संपली आणि येथील प्रजेस प्रौढ मताधिकार पहिल्यानें मिळाला तो १९५१-५२ च्या निवडणुकींत. ती निवडणूक देशांत झाली तेव्हां गुन्हेगार जमातींचा कायदा अद्याप जिवंत होता. तो ऑगस्ट १९५२ अखेर रद्द झाला. ज्या जमातींचीं नांवें पोलिसांच्या हजेरीपटावरून कधीं सुटलीं नाहींत, त्यांच्या वंशजांनीं आतां मतदारयादीसाठीं पत्त्याचा कागद कोठून आणावा? पाल ठोकून राहणाऱ्यास घरपट्टीची पावती कोण देणार? तांड्यावरील मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातो तो उन्हाळ्यांत परततो. याद्यांची तपासणी नेमकी त्याच अवधींत येऊन संपली, तर ओक्लाहोमाचे बारा दिवस आणि आमचा गळीत हंगाम यांत त्याला फरक काय वाटावा?

फरक असा कीं, आमचा कायदा त्याच्या बाजूचा आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणें तात्पुरता बाहेरगांवीं गेलेला मनुष्य आपल्या गांवचा रहिवासी म्हणून राहतोच. बेघर माणूस सांगितलेल्या जागीं झोपतो कीं नाहीं हें केंद्राधिकाऱ्यानें रात्रीं जाऊन पाहावें, कागद मागूं नये, अशा निवडणूक आयोगाच्याच सूचना आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं तर सर्वोच्च न्यायालयानें बिहारांतील प्रारूप यादींतून गळलेल्या सुमारें ६५ लक्ष नांवांची यादी कारणांसह प्रसिद्ध करावयास लाविली. १९९५ च्या निकालाचें संरक्षण जुन्या मतदारास आहे, नव्या अर्जदारास तितकें नाहीं, हेंही खरें. म्हणून एकदां असलेलें नांव जाऊं न देणें याला वकिलाच्या दृष्टीनें विशेष महत्त्व आहे.

तेव्हां हिंगोली, कळमनुरी व वसमत या तिन्ही मतदारसंघांच्या नोंदणी अधिकाऱ्यांकडे आमची मागणी थोडकी आहे. टोळ्या ऊसतोडीस निघण्यापूर्वीं तांड्यावर व पालांवर जाऊन नोंदी तपासाव्या. वगळावयाच्या नांवांची यादी कारणासह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. आणि जो कारखान्यावर आहे त्याची सुनावणी तो परत येईपर्यंत संपवूं नये.