पसंतीक्रम कोणाचा?

दरवर्षीं जून उजाडला कीं माझ्या दारीं पालकांची रीघ लागते. तीस वर्षें महाविद्यालयांत शिकविल्याचा तो एक कर आहे, आणि मी तो निमूटपणें भरतों. परंतु यंदा आलेल्या एका सद्गृहस्थांनीं मला लेखणी उचलावयास भाग पाडलें. त्यांच्या मुलाच्या हातीं दोन जागा होत्या: पुण्याच्या आयसरमध्यें मूलभूत विज्ञानाची व एका खाजगी महाविद्यालयांत संगणकशास्त्राची. वडिलांनीं एकच प्रश्न केला, "सर, पॅकेज कोठें मोठें?" मुलगा शेजारींच बसला होता. त्याला कोणीं कांहीं विचारलें नाहीं. मींही नाहीं, हें लिहितांना मला लाज वाटते.

पगाराची चौकशी करणें हें पाप नव्हे. ज्यानें कर्ज काढून मुलास शिकवावयाचें, त्याला तो अधिकार आहेच. माझें भांडण आहे तें आकड्याशीं. नऊ मुलांना चार-चार लाख आणि दहाव्यास साठ लाख मिळाले, तर जाहिरातींत सरासरी नऊ लाख साठ हजार छापली जाते. तेवढा पगार त्या दहांपैकीं कोणालाच मिळालेला नसतो. मधल्या मुलाच्या पदरीं चारच लाख! हा मधला आकडा संस्थांना एनआयआरएफकडे कळवावा लागतो व तो पाहतांही येतो. पण पाहतो कोण?

खुद्द त्या मानांकनाचें तरी काय? 2016 सालीं पहिली यादी निघाली, आणि तेव्हांपासून ती घराघरांत पंचांगासारखी प्रमाण मानली जाते. अभियांत्रिकीच्या यादींत शंभरांपैकीं तीस भार संशोधनाला व दहा लौकिकाला आहे. संस्थेची तुलना करावयास हें ठीक असेल. तुमच्या मुलाला शिकवावयास वर्गांत कोण उभें राहील, हें त्यावरून कळत नाहीं.

सर्वांत मोठा अनर्थ घडतो तो पसंतीक्रम भरतांना. आयआयटी, एनआयटी वगैरेंचे प्रवेश जोसा या मंडळामार्फत होतात. मिळालेल्या जागेवर 'फ्रीझ' म्हणजे येथेंच थांबणें, 'स्लाइड' म्हणजे त्याच संस्थेंत वरच्या पसंतीची शाखा मागणें आणि 'फ्लोट' म्हणजे वरच्या पसंतीची कोणतीही जागा मागणें, अशी मुभा असते. वरची जागा मिळाली कीं आधींची जाते. तेव्हां खरा निर्णय या तीन शब्दांत नसून मूळ यादींत असतो. आणि ती यादी आमचे लोक कशी भरतात? गेल्या वर्षींच्या शेवटच्या क्रमांकांचा तक्ता समोर ठेवून, वरून खालीं! तो तक्ता म्हणजे दुसऱ्यांच्या आवडीनिवडींची बेरीज होय. गेल्या वर्षीं ज्यांनीं यादी भरली, त्यांनींही त्याच्या आदल्या वर्षींचा तक्ता पाहिलेला असतो. अशा रीतीनें कोणाचीच नसलेली आवड सर्वांची होऊन बसते.

वर शिकवणीवाल्यांनीं भीति घालून ठेविली आहे कीं, अवघड जागा आधीं लिहिली तर हातची जाते. हें निखालस खोटें आहे. 1962 सालीं गेल व शॅप्ले या गणितज्ञांनीं जी पद्धति मांडली, तिच्याच धर्तीवर हें वाटप चालतें. तींत वरची पसंती हुकली म्हणून खालच्या पसंतीवरचा हक्क तिळमात्र कमी होत नाहीं. म्हणजे मनांत असेल तोच क्रम लिहिणें हेंच येथें हिताचें आहे. यंत्र प्रामाणिकपणा मागतें आणि आम्ही त्याला धूर्तपणा पुरवितों!

त्या मुलाला मीं मागाहून एकट्यालाच बोलावून घेतलें. रसायनशास्त्राच्या प्रयोगांविषयीं तो अर्धा तास न थांबतां बोलला; संगणकाचा उल्लेख एकदांही आला नाहीं. उठतांना म्हणाला, "सर, हें बाबांना तुम्हीच सांगाल का?" मी सांगेन म्हणालों. तें सांगणें अद्याप व्हावयाचें आहे.