मुलगा देवळात येत नाही

दिवाळीच्या अंकात ख्रिस्ती घरातले दुखणे कशाला, असे एखाद्या वाचकास वाटेल. पण हे दुखणे काही एका धर्माचे नाही. एकीचा मुलगा महादेवाला जात नाही, दुसरीचा चर्चला जात नाही. दोघींचा उसासा सारखाच. मी आमच्या नगरचे उदाहरण घेतो ते माझ्या पाहण्यातले आहे म्हणून. (सरकारदरबारी गाव आता अहिल्यानगर झाले, आमची जीभ अजून नगरातच अडकली आहे.)

अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री नगरास १८३१ साली आले. म्हणजे काही घराण्यांत ख्रिस्ती धर्म आता कितव्या तरी पिढीचा. आजोबा रविवारच्या शाळेत शिकवीत, आई उपासनेला पेटी वाजवी, आणि चिरंजीव पुण्यास कंपनीत लागले की रविवारी दहापर्यंत झोपतात. विचारले तर म्हणतात, "आई, मला आता ते पटत नाही." भांडला असता तरी चालले असते, तो भांडतही नाही, आणि तेच आईच्या जिवाला लागते. मग तिचा हिशेब सुरू होतो. घरातली प्रार्थना कमी पडली का? वसतिगृहात ठेवला ते चुकले का? मंडळीतल्या बायका तोंडावर काही बोलत नाहीत, पण "चिरंजीव दिसले नाहीत" हे तीन शब्द दर नाताळास ऐकावे लागतातच.

अशा आयांना मी एक ठाऊक असलेलीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आणि आप्तांवर आकाश कोसळले. त्यांच्या लेखी वाट चुकले होते ते टिळकच. 'आपले माणूस धर्म सोडून गेले' हा आकांत आमच्या मंडळीच्या इतिहासात पहिल्या पानावरच आहे. फक्त तो समोरच्या घरातून ऐकू आला होता. तेव्हा "घराण्याची परंपरा मोडलीस" असे मुलाला म्हणण्यापूर्वी ख्रिस्ती आईने जरा थांबावे.

पुढचे अधिक महत्त्वाचे. नवराबायकोची काही वर्षे ताटातूट झाली. मग लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांचा स्वभाव तापट, हे स्मृतिचित्रे वाचणाऱ्यास सांगायला नको. पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. बाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, स्वतःचे मन वळल्यावर. टिळकांनी सुरू केलेले ख्रिस्तायन त्यांच्या पश्चात बाईंनीच पुढे नेले. ज्या बाईला ओढून नेले असते तिच्या हातून एवढे लिहून झाले असते, असे मला वाटत नाही.

आता मोनिकाबाई. आफ्रिकेतल्या या आईचा मुलगा ऑगस्टीन ख्रिस्ती वळण सोडून मानीच्या पंथात शिरला आणि नऊएक वर्षे तिथेच रमला. सुरुवातीस तिने त्याला आपल्या घरी, आपल्या पंगतीस घेण्याचे नाकारले, पुढे घेतले. एका बिशपाकडे जाऊन तिने हट्ट धरला की तुम्ही त्याच्याशी वाद घाला. बिशप शहाणा होता. स्वतः त्या पंथातून बाहेर आलेला. त्याने साफ नकार दिला. म्हणाला, त्याला एवढ्यात काही सांगू नका, तो वाचील आणि आपोआप कळेल, तुम्ही प्रार्थना करा. बाई हटेनात तेव्हा वैतागून म्हणाला की एवढे अश्रू जिच्यासाठी गळतात ते पोर वाया जायचे नाही. पुढे तर मुलगा आईला फसवून रात्रीच्या गलबताने रोमला पळाला. ती समुद्र ओलांडून मागोमाग गेली. ३८७ साली मिलानला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ती वारली. हा शेवट प्रत्येक आईच्या वाट्याला येतो असे सांगणे खोटेपणाचे होईल. पण मला त्या बिशपाचा नकार फार आवडतो. वाद घालायला माणूस आणण्याची आयांची हौस सोळाशे वर्षे जुनी आहे!

मागच्या वर्षी एक बाई माझ्याकडे त्याच कामासाठी आल्या. "सर, तो तुमचा विद्यार्थी. तुमचं ऐकेल. जरा बोला ना त्याच्याशी."

मी म्हटले, "बाई, मी बोललो तर तो मला टाळील, आणि मग तुम्हालाही. नाताळाला बोलवा त्याला."

"येईल. पण उपासनेला नाही आला तर?"

"तर परत आल्यावर दोघं मिळून करंज्या खा. कुठे गेला होतास, का आला नाहीस, हे त्या दिवशी नको."

"आणि मी प्रार्थना करते ते त्याला सांगू का?"

"त्याला ठाऊक आहे."

बाईंनी मान हलवली. समाधान झालेले दिसले नाही. जाताना दारात चपला घालता घालता एवढेच म्हणाल्या, की त्याला ओल्या नारळाच्या आवडतात.