विमा, वारसा आणि घरातली बाई

वारसाकर हा शब्द निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतही ते पडले. एकाला वाटतं, श्रीमंताच्या मरणानंतर सरकारनं थोडा वाटा घेतला तर बिघडलं कुठं? दुसऱ्याला वाटतं, बापजाद्यांनी घाम गाळून उभ्या केलेल्या भाटांवर सरकारचा हक्क कसला? तो वाद चालू द्या. मला या निमित्तानं वसाहतकाळाकडे पाहावंसं वाटतं. त्या काळी माणूस गेला की सरकार त्याच्या दारात दोन रूपांनी येई, देणारं आणि घेणारं. दोन्ही वेळा दारात उभी असे ती त्याची बायको. तिच्या हाती काय पडलं, हे मात्र या वादात कोणी विचारत नाही.

आधी देणारं सरकार पाहू. १ फेब्रुवारी १८८४ रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात टपाल आयुर्विमा सुरू झाला. सुरुवातीला तो फक्त टपालखात्यातल्या नोकरांसाठी होता आणि विम्याची कमाल रक्कम होती ४००० रुपये. १८८८ साली तारखात्याच्या नोकरांना तो मिळाला. १८९४ साली या खात्यांतल्या स्त्री कर्मचाऱ्यांनाही तो खुला झाला. तेव्हा दुसरी कुठलीच कंपनी बायकांचा विमा उतरवत नव्हती, असं टपालखातं आजही अभिमानानं सांगतं. अभिमान रास्त आहे. पण सरकारची ही माया आपल्या पगारपत्रकापुरतीच होती, हेही विसरू नये. शेतात राबणाऱ्याची, रेंदेराची किंवा होडीवरच्या खारव्याची बायको त्या हिशेबात कुठंच नव्हती. ग्रामीण टपाल आयुर्विमा यायला १९९५ साल उजाडलं.

सरकारच्या नावाचं वजन मात्र खाजगी कंपन्यांनीही ओळखलं होतं. मुंबईत १८७४ साली निघालेल्या कंपनीचं नावच 'ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ अ‍ॅश्युरन्स'. कंपनी खाजगी, पण नावात गव्हर्न्मेंट! आपला माणूस विमा काढताना भरवसा शोधतो तो सरकारचा, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

आता घेणारं सरकार. इंग्लंडात सर विल्यम हारकोर्ट यांनी इस्टेट ड्यूटी आणली ती १८९४ साली. तसा कर इंग्रजांनी हिंदुस्थानात लावला नाही. तो लावला स्वतंत्र भारतानं, १९५३ साली. पुढं त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत चढला, आणि १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना तो रद्द झाला. कटकट मोठी आणि वसुली किरकोळ, असा तो प्रकार होता.

पण कर नव्हता म्हणून इंग्रज सरकार काहीच घेत नव्हतं असं नाही. १८७० च्या कोर्ट फी कायद्यानं प्रोबेटवर मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात फी बसवली. १८८९ साली वारस दाखल्याचा कायदा आला. मयताचं कुणाकडून येणं असेल तर ते कोर्टातून वसूल करायला दाखला लागे, आणि दाखल्यालाही फी. हारकोर्टसाहेबांच्या कराची झळ बड्या जमीनदारांना बसत होती. ही फी मात्र नवऱ्याचे दोन-चार हजार सोडवायला निघालेल्या विधवेलाही चुकत नव्हती.

यातून सुटायची एक वाट कायद्यात होती. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या सहाव्या कलमानुसार, नवऱ्यानं बायकोमुलांच्या नावे विमा काढला तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरे आणि नवऱ्याच्या सावकारांना तिला हात लावता येत नसे. किती चांगली सोय! पण हा कायदा हिंदूंना लागू आहे की नाही यावरच कोर्टांत घोळ होता. तो मिटला १९२३ च्या दुरुस्तीनं. मद्रास इलाख्यात १९१३ नंतरच्या विम्यांना हे संरक्षण मिळालं, बाकीच्या ठिकाणी १ एप्रिल १९२३ नंतरच्या.

आता आपल्या गोव्याकडे या. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथं १ जुलै १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. नवरा गेला तर अर्धा वाटा बायकोचाच, आणि तोही वारशानं नव्हे, मालकीनं. उरलेल्या अर्ध्यातही मुलांचा हिस्सा राखीव, मृत्युपत्र करून बापाला तो बुडवता येत नाही. घाटापलीकडच्या बाईला जे मिळण्यासाठी नवऱ्याला पगार हवा, पॉलिसी हवी आणि कोर्टाचा अनुकूल अर्थही हवा, ते इथल्या बाईला कागदावर आपसूक होतं.

म्हणून पोर्तुगिजांचे गोडवे गावेत का? मी गाणार नाही. १८८० साली याच सरकारनं हिंदूंच्या रूढी कायद्यात घातल्या. बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीनं का होईना, नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा ठेवली. शिवाय सगळा व्यवहार पोर्तुगीज भाषेत, नोताराच्या टेबलावर. ज्या बाईला तो कागद वाचताच येत नव्हता, तिचा अर्धा वाटा दीर-पुतण्यांच्या सांगण्यावरच चालायचा.

आज दोन्हीकडचं चांगलं ते आपल्या पदरात आहे. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ झालं, त्याच्या पॉलिसींना केंद्र सरकारची हमी आहे. वारशाचा गोव्याचा स्वतःचा कायदाही २०१६ पासून अमलात आला. तरीही नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूत आपल्या वाड्यावाड्यांत घट्ट आहे. नॉमिनी केवळ पैसे स्वीकारणारा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८३ सालीच सांगितलं. २०१५ च्या दुरुस्तीनं आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्कही दिला. भावाचं, पुतण्याचं नाव त्या यादीत नाही. पण लग्नाआधी घातलेलं भावाचं नाव बदलायचं राहून गेलं आणि वहिनी गप्प बसली, अशी घरं मी पाहिली आहेत.

वारसाकर यावा की न यावा, यावर खुशाल भांडा. त्याआधी घरची पॉलिसी काढून नॉमिनीचं नाव एकदा वाचा, लग्नाची नोंद झाली आहे का ते पाहा, आणि दोन्ही कागद कुठं ठेवलेत ते बायकोला सांगा. सरकारनंही वारशाचे अर्ज आणि माहिती कोकणी-मराठीत पंचायतीत ठेवावी. आपल्या बाईचा हक्क दीडशे वर्षं कागदावर आहे. तो तिला वाचता यावा, एवढंच मागणं आहे.