वालुकार्णवातला सोबती

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून उत्तरेस यूटा राज्याच्या सीमेपर्यंत, सुमारे 800 मैलांची, म्हणजे जवळजवळ 1,290 किलोमीटरची एक पायवाट आहे. डेल शीवॉल्टर नावाच्या एका शाळामास्तरांनी 1985 साली हे अंतर पायी तुडवून या वाटेची कल्पना मांडली. 2009 साली संघराज्याच्या कायद्याने तिला राष्ट्रीय निसर्गवाटेचा दर्जा मिळाला आणि 2011 साली तिचा राहिलेला शेवटचा तुकडा जोडला गेला. दरसाल वसंताच्या आरंभी दक्षिण टोकाकडून निघालेले पदयात्री उन्हाळा पेटण्यापूर्वी सोनोराचे वाळवंट मागे टाकण्याच्या घाईत असतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या पुढेमागे, पाठीवर दोन्ही बाजूंना लहान खोगीरपिशव्या बांधलेला, एखादा कुत्रा धावत असतो. उंच निवडुंगांच्या पार्श्वभूमीवर टिपलेले अशा जोडीचे छायाचित्र पाहिले की मन द्रवते, आणि हल्ली सुटीच्या दिवशी आपल्या लाडक्यांसह गडकोट चढू लागलेली आपल्याकडील श्वानप्रेमी मंडळीही तशा यात्रेची स्वप्ने पाहू लागतात. माझे मत या कौतुकाच्या विरुद्ध आहे, आणि ते श्वानद्वेषातून आलेले नाही, एवढे आरंभीच नमूद करून ठेवतो.

उष्णता सोसण्याच्या बाबतीत निसर्गाने मनुष्याला झुकते माप दिलेले आहे. आपल्या सर्वांगाला घाम येतो, तो सुकतो आणि देह निवतो. कुत्र्याला असा घाम येतो तो बहुतांशी पंजांच्या तळव्यांना, म्हणून त्याची सारी भिस्त धापेवर, जीभ बाहेर काढून केलेल्या जलद श्वासोच्छ्वासावर असते, आणि त्या प्रत्येक श्वासाबरोबर शरीरातले पाणी वाफ होऊन निघून जाते. त्याचे स्वाभाविक तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते 41 अंशांपलीकडे गेले की मेंदू, मूत्रपिंडे व आतडी यांना इजा पोहोचू लागते, आणि ज्या मुलखात जवळचा पशुवैद्य दोन दिवसांच्या चालीवर आहे तेथे त्या इजेवर उपाय उरत नाही. 25 किलो वजनाच्या कुत्र्याला घरी स्वस्थ पडून असतानाही दिवसाकाठी सव्वा ते दीड लिटर पाणी लागते, उन्हात चालताना ते सहज दुप्पट होते, आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते, या हिशेबात कितीही माया केली तरी सूट मिळत नाही. बरे, वाटेत मिळणारे पाणी पुष्कळदा गुरांसाठी बांधलेल्या मातकट तळ्यांतले असते. मनुष्य ते गाळून, निर्जंतुक करून पितो, कुत्रा मात्र थेट तोंड घालतो. तापलेल्या वाळूने पंजे सोलवटतात, खडकाआडच्या खुळखुळ्या सापाला हुंगायला पुढे होते ते त्याचेच नाक, आणि चोया नावाच्या निवडुंगाचे काटेरी गोळे अंगात रुतले की हाताने काढता येत नाहीत. यासाठी तिकडचे जाणते लोक खिशात कंगवा बाळगतात. त्यांच्या केसांची अवस्था पाहता त्याचा अन्य उपयोग होत असेल असे वाटत नाही.

या अडचणी बंदोबस्ताने निदान काही अंशी टाळता येतील. ज्यावर बंदोबस्त नाही अशी गोष्ट कुत्र्याच्या स्वभावात आहे. मनुष्य थकला की कुरकुरतो, बसतो, प्रसंगी बेत रद्द करून परत फिरतो. धनी पुढे चालत आहे तोवर कुत्रा चालत राहतो, आणि पुष्कळदा तो कोसळतो तेव्हाच त्याची कैफियत आपल्यापर्यंत पोहोचते. ज्या गुणासाठी आपण त्याला हजारो वर्षे जवळ केले तोच येथे त्याच्या जिवावर उठतो. 2016 साली चीनच्या शिनजियांग प्रांतात गोबीच्या वाळवंटातील 250 किलोमीटरच्या धावशर्यतीत डिऑन लिओनार्ड या स्पर्धकामागे एक लहानशी बेवारशी कुत्री लागली आणि शंभराहून अधिक किलोमीटर धावली, ही गोष्ट पुढे जगभर गाजली. तिला ‘गोबी’ हे नाव मिळाले, मध्यंतरी ती हरवली, सापडली आणि अखेर स्कॉटलंडमधील घरी पोहोचली. या कथेच्या गाजावाजात एक तपशील झाकला गेला. शर्यतीतील सर्वांत तप्त टप्प्यांच्या वेळी गोबीला धावू देण्यात आले नाही. तिला मोटारीतून पुढच्या मुक्कामी नेण्यात आले. माझ्या मते त्या साऱ्या कथेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट ती मोटार होय.

रॉबिन डेव्हिडसन या ऑस्ट्रेलियन लेखिकेची कथा याहून जड आहे. 1977 साली चार उंट आणि डिगिटी नावाची काळी कुत्री यांच्यासह ती ॲलिस स्प्रिंग्ज येथून निघाली आणि सुमारे 2,700 किलोमीटर वाळवंट ओलांडून हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर पोहोचली. ही बाई हौशी नव्हे. निघण्यापूर्वी दोनेक वर्षे तिने उंटांची विद्या शिकण्यात घालवली होती, आणि वाटेवरच्या काही प्रदेशात एका वृद्ध आदिवासी जाणत्याचे साहचर्यही तिला लाभले होते. तरीही डिगिटी किनाऱ्यापर्यंत पोहोचली नाही. त्या मुलखात डिंगो नावाच्या रानकुत्र्यांना मारण्यासाठी स्ट्रिकनीन हे जहाल विष घातलेली आमिषे टाकून ठेवीत. डिगिटीने त्यांपैकी एक खाल्ले, आणि तिच्या यातना पाहवेनात तेव्हा डेव्हिडसनला स्वतःच्या हाताने तिला गोळी घालावी लागली. या प्रवासावर तिने 1980 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचे पुढे जगभर वाचन झाले, त्यावर चित्रपटही निघाला. मी यात लेखिकेस दोष देत नाही. तिने स्वतःला जितके माफ केले असेल त्याहून अधिक कठोर होण्याचा अधिकार मला नाही. मात्र दोन वर्षांची पूर्वतयारी आणि असामान्य धैर्य जिथे पुरले नाही, तिथे महिनाभर आधी खोगीरपिशवी विकत आणणाऱ्या उत्साही माणसाने स्वतःवर किती विश्वास टाकावा, याचा विचार अवश्य व्हावा.

येथे कोणी महाप्रस्थानाचा दाखला पुढे करील, आणि तो करावाच. पांडव आणि द्रौपदी यांच्यामागून निघालेला तो कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. हिमालय ओलांडल्यावर त्या यात्रेकरूंना एक वालुकार्णव, म्हणजे वाळूचा समुद्र, लागला असे व्यासांनी म्हटले आहे, हे मात्र फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. तेव्हा श्वानासह वाळवंट ओलांडण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. परंतु तो कुत्रा आपण होऊन मागे लागला होता. त्याच्या गळ्यात दोरी नव्हती, पाठीवर ओझे नव्हते. शिवाय तो साक्षात धर्म होता, त्यामुळे त्याच्या पाण्याची सोय काय होती हा प्रश्न महाकवीला पडण्याचे कारण नव्हते. आणि युधिष्ठिराचा जो मोठेपणा आपण गातो तो कुत्र्याला इतके दूर चालवत नेल्याचा नव्हे; कुत्र्याला सोडून मिळत असलेला स्वर्ग त्याने नाकारला, त्याचा आहे. आपले हौशी यात्री नेमके याच्या उलट करतात: स्वतःच्या स्वर्गासाठी कुत्र्याला पणाला लावतात.

‘त्याला आवडते हो, पाहा कसा शेपटी हलवतो!’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पहाटेच्या गारव्यात, पहिल्या दोन मैलांत, त्याला आवडते यात शंका नाही. 800 मैलांच्या संकल्पाला त्याने रुकार दिलेला नसतो, कारण तो संकल्प त्याला समजलेलाच नसतो. जो पक्षकार जबानी देऊ शकत नाही त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याने हात आखडता ठेवावा, हा कोणत्याही न्याय्य कारभाराचा नियम आहे, आणि तिकडच्या कायद्याने तो बऱ्याच अंशी ओळखला आहे. ॲरिझोनाच्या त्या वाटेवर लागणाऱ्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटांवर पाळीव कुत्र्यांना मज्जाव आहे, ग्रँड कॅन्यनच्या कड्याखाली उतरण्यासही त्यांना मनाई आहे. मुभा आहे ती केवळ अपंगांच्या साहाय्यासाठी शिकवून तयार केलेल्या श्वानांना. दक्षिण कड्यावर कुत्रे ठेवून घेण्याची सशुल्क सोयसुद्धा आहे. फीनिक्स शहराने 2016 पासून तापमान 100 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 38 अंश सेल्सिअस झाले की शहराच्या डोंगरवाटांवर कुत्रे नेण्यास बंदी घातली आहे. असले हुकूम जाचक वाटून त्यांतून पळवाट शोधणारे जे यात्री असतात, त्यांनी नियम कोणाच्या हितासाठी झाला आहे हे एकदा वाचून पाहावे.

कुत्र्याला घेऊन फिरूच नये, असे माझे म्हणणे नाही. हिवाळ्यातला, सावलीचा आणि खात्रीच्या पाण्याचा एखादा टप्पा दोघांनी मिळून चालण्यात आनंद आहे, आणि तो कुत्र्याला बेत मोडण्याची मोकळीक ठेवून घ्यावा. उरलेली वाट ज्याला हवी त्याने एकट्याने चालावी आणि कुत्र्याला विश्वासू माणसाकडे ठेवावे. ॲरिझोनात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे सांगणे आहे, तसेच चैत्र-वैशाखात सह्याद्रीच्या तापल्या कातळावर कुत्रे नेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या तरुणांनाही. निघण्यापूर्वी आपला पालथा हात सात सेकंद जमिनीवर टेकवून पाहावा. चटका सोसवला नाही, तर त्या दिवशी कुत्र्याला घरीच राहू द्यावे.